दहा म्हणजे किती

"काका, शून्य ते दहाच्या मध्ये सांगा, आज पाय किती दुखतायत?" सिस्टरने फोनवर विचारलं. उत्तर यायला एवढा वेळ लागला, की फोन कटला असं समजून तिने दोनदा हॅलो हॅलो केलं.

"दहा म्हणजे किती?" काटासाहेबांनी विचारलं.

"दहा म्हणजे... खूप, काका."

"खूप हे माप नाही."

सिस्टरने अशा फोनांत आजवर शिव्या ऐकल्या होत्या, रडणं ऐकलं होतं, एका आजींकडून तर सुनेची संपूर्ण तक्रार ऐकली होती. पण दहाचा हिशोब तिला कुणी मागितला नव्हता. "काका, तुम्ही मनाने ठरवा ना," ती म्हणाली, आणि इथेच सगळं बिघडलं. कारण काटासाहेबांनी जन्मात कुठलीही गोष्ट मनाने ठरवली नव्हती.

काटासाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. वजनमापे खात्यात निरीक्षक म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. दुकानात शिरायचं, तराजू तपासायचा, वजनं आपल्या प्रमाण वजनांशी ताडून बघायची, खरी असतील तर शिक्का, खोटी असतील तर बाद. पारड्याखाली चिकटवलेलं मेण त्यांना लांबून दिसायचं. दुकानदार पाठीमागे काटासाहेब म्हणायचे. साहेबांना ते कळलं तेव्हा राग येण्याऐवजी बरंच वाटलं. निवृत्तीनंतर नाव तेवढं घरी आलं. अशा माणसाला तुम्ही सांगणार, दहा तुमच्या मनाने ठरवा. म्हणजे सोनाराला सांगायचं, अंदाजे द्या हो.

दुखणं मधुमेहाचं होतं. साखर वर्षानुवर्षं अंगात मुरली आणि पायांच्या नसा बिघडल्या. पावलं दिवसभर भाजायची, मधूनच कुणीतरी सुई खुपसल्यासारखं व्हायचं. सगळ्यात चमत्कारिक म्हणजे दाराला अंगठा ठेचला तर फारसं काही वाटत नसे, पण पांघरुणाची मऊ कड नुसती घासली तरी ब्रह्मांड आठवे. गोळ्या झाल्या, मलमं झाली. मग मोठ्या हॉस्पिटलात कळलं, की अशा पायांसाठी एका इंजेक्शनची चाचणी चालू आहे आणि त्यासाठी माणसं हवी आहेत. साहेबांनी लगेच नाव दिलं.

लगेच का दिलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मी सांगतो. काकूंचे, म्हणजे साहेबांच्या बायकोचे, पाय थंड असतात. लग्न झाल्यापासून असतात. आणि लग्न झाल्यापासून त्या झोपेत आपले पाय सरकवत सरकवत साहेबांच्या पायांवर आणून ठेवत आल्या. साहेब दर वेळी करवादायचे, "अगं, बर्फाची लादी आहे की पाय?" आणि पाय मात्र तिथेच ठेवायचे. मग एका रात्री तेच पाय लागले आणि साहेब असे ओरडले की काकू उठून बसल्या आणि रडल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी आपली उशी उचलली आणि ते बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपायला लागले. कारण काय, तर बाहेर हवा चांगली येते. काकूही म्हणाल्या, हो, येते खरी. तेव्हापासून आत काकू दोन-दोन मोजे घालून झोपतात आणि बाहेर साहेब चांगली हवा खात जागे असतात. त्यांना त्या आतल्या खोलीत परत जायचं होतं, एवढीच त्यांची चाचणी.

पण तिथवर पोचायचं म्हणजे हॉस्पिटलच्या वजनकाट्यावरून जायला हवं, आणि घोडं आधी तिथेच अडलं. सिस्टर म्हणाली, काका उभे राहा. साहेब उभे राहिले नाहीत. वाकून त्यांनी काट्याच्या मागे पाहिलं, खाली पाहिलं, बाजूला पाहिलं.

"यावर पडताळणीचा शिक्का नाही."

"काका, पाच सेकंदांचं काम आहे."

"शिक्का नसलेल्या काट्यावर मी नोकरीत असताना माणूस काय, कोबीसुद्धा चढू दिला नाही."

सिस्टरने स्टोअरकीपरला बोलावलं, स्टोअरकीपरने खरेदी विभागाला फोन केला, खरेदी विभाग म्हणाला हे देखभाल विभागाकडे येतं, आणि देखभाल विभाग जेवायला गेला होता. रांगेतले लोक साहेबांकडे अशा नजरेने बघायला लागले की काकू हळूच दोन खुर्च्या पलीकडे जाऊन बसल्या, जणू त्या दुसऱ्याच कुणाबरोबर आल्या होत्या. शेवटी दुसऱ्या वॉर्डातून शिक्का असलेला काटा आला. साहेब त्यावर चढले, आकडा बघून खूश झाले आणि उतरताना सिस्टरला म्हणाले, "तुमच्या आधीच्या काट्याने मी जाड निघालो असतो." सिस्टरने कपाळाला हात लावला. पण ती मनाने चांगली होती.

चाचणीचा नियम असा, की आधी आठवडाभर रोज सकाळी फोन येणार आणि पाय किती दुखतात त्याचा आकडा द्यायचा. सरासरी निदान चार आली तरच इंजेक्शन. काकू म्हणाल्या, यात काय मोठंसं, तुमचं तर आठच्या खाली येणार नाही. पण साहेबांना आधी दहा हवा होता. एकदा दहा पक्का झाला की बाकीचे मागे येतात. पहिल्या दिवशी त्यांनी सिस्टरकडून सवलत मागून घेतली आणि संध्याकाळपर्यंत दहाची चौकशी करायला बाहेर पडले. म्हणजे फार लांब नाही, जिन्यातच.

वरच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहतात. त्यांना मागे मुतखडा झाला होता. ते दुखणं काय होतं याचं वर्णन इमारतीत लहानसहान पोरांनाही तोंडपाठ आहे. "साहेब, दहा विचारता?" सेक्रेटरी म्हणाले. "दहा माझ्या घरात आहे." आणि ते आतून औषधाची एक छोटी बाटली घेऊन आले. कापसात तो खडा होता. जपून ठेवला होता त्यांनी.

साहेबांनी बाटली उजेडात धरली. मग जुन्या सवयीने त्यांच्या तोंडून गेलं, "वजन करून बघायचं का?" घरी त्यांचा पितळेचा छोटा तराजू कपाटात होताच. दोघे खाली आले, सेक्रेटरींनी श्वास रोखला, आणि साहेबांनी चिमट्याने वजनं चढवत, उतरवत शेवटी निकाल दिला.

"अर्धा ग्रॅमसुद्धा नाही."

"आत असताना जड होता," सेक्रेटरी म्हणाले.

नेमक्या त्याच वेळी खालच्या मजल्यावरच्या जुळ्यांच्या आई विरजण मागायला दारात आल्या होत्या. त्यांची जुळी आता नोकरीला लागलेली आहेत, पण नाव चिकटलं ते चिकटलं. त्यांनी सगळा प्रकार ऐकला. "त्या कणाला दहा? मग माझ्या दोघांना काय द्याल? एक झाला, आणि आता सुटले म्हणेस्तोवर दुसरा. सेक्रेटरींचा खडा पडून तरी गेला. माझे दोघे अजून घरातच आहेत."

"वहिनी, बाळंतपणात शेवटी आनंद असतो. मुतखड्याला शेवटी काय असतं?"

"बाटली असते," जुळ्यांच्या आई म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस इमारतीत दुसरा विषय नव्हता. जिन्यात दोन पक्ष पडले. दाढदुखीवाले तिसरा पक्ष काढू बघत होते, पण त्यांना कुणी विचारलं नाही. ज्याला त्याला आपलं दुखणं दहावर बसवून हवं होतं. इतकी वर्षं कुणी न विचारलेलं दुखणं, आणि आता तपासायला चक्क निरीक्षक आलाय, मग कोण सोडतो? साहेब सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेत आणि ताकास तूर लागू देत नसत. शेवटी जिन्यात कुणीतरी थेटच विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "मुतखडा सात. जुळी आठ."

दोघांचाही पारा चढला. सेक्रेटरींना सात लागले, आणि जुळ्यांच्या आईंना, खड्यात आणि त्यांच्यात एकाचाच फरक ठेवला हे लागलं. सेक्रेटरींनी काटासाहेबांच्या मजल्यावरचा उडालेला दिवा बदलणं तहकूब केलं. मग साहेब अंधारात चाचपडत घरी यायला लागले. साहेबांचा स्वाभिमान असा, की तक्रार केली नाही, खिशात टॉर्च ठेवला.

"पण मग दहाला कोण?" काकूंनी एकदा विचारलं. साहेबांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं आणि हवामान वाचायला घेतलं.

इकडे रोज सकाळी फोन येतच होता. काकू स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायच्या. साहेब पाय हवेत धरून बसलेले, कपाळावर आठ्या, ओठ घट्ट, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सिस्टर विचारायची, काका, आज किती? आणि साहेब अगदी विचारपूर्वक म्हणायचे, "तीन."

दुसऱ्या दिवशी तीन. त्याच्या दुसऱ्या दिवशी तीन. एका सकाळी पायपुसण्याचा धागा लागून ते खुर्चीतून अर्धे उठले, तेव्हा काकूंना वाटलं आज तरी पोचतील पुढे. "सव्वातीन," साहेब म्हणाले. सिस्टर म्हणाली, काका, पूर्ण आकडा हवा. "मग तीन."

आठवडा संपला तशी डॉक्टरीणबाईंनी दोघांना बोलावलं. तरुण होत्या, आवाज मऊ होता, आणि टेबलावर कागदांचा ढीग. "काका, तुमचं सगळं तीनच येतंय. चारच्या खाली आम्हाला घेता येत नाही. आणि ही चांगलीच गोष्ट आहे, तुमचं दुखणं कमी आहे."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले आणि उठायला लागले. उठताना त्यांनी टेबल धरलं. पाय टेकवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे झालं ते तीन नव्हतं, हे तिथल्या भिंतींनाही कळलं असतं.

"बसा खाली," काकू म्हणाल्या. घरात हा आवाज फार क्वचित निघतो आणि निघाला की साहेब बसतात. "डॉक्टर, या माणसाने किती महिने झाले पायात मोजा घातलेला नाही. चपलेच्या पट्ट्याला घरी कापूस लावलाय मी. कमी म्हणे. अहो, खरं सांगा, दहाला काय ठेवलंय तुम्ही? मुतखडा सात, जुळी आठ, हे मला सगळ्या इमारतीने सांगितलं. दहाला काय आहे?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"तुझं ऑपरेशन," साहेब म्हणाले.

"माझं?"

"तुला आत नेलं तो दिवस. थोडा वेळ लागेल म्हणाले होते. मी बाहेर बाकावर बसलो. दुपार गेली, संध्याकाळ व्हायला आली, तरी दार उघडेना. आतून बाहेर कुणी येईना, आणि विचारावं तर कुणी सांगेना." साहेबांनी चष्मा काढला आणि उगाच शर्टाला पुसला. "तेव्हा जे झालं ते दहा. त्याच्या शेजारी ठेवलं की हे पाय तीनच्या वर जात नाहीत. मी खूप ताडून बघितलं. नाही जात."

काकू पर्समध्ये रुमाल शोधायला लागल्या. रुमाल त्यांच्या हातातच होता.

"काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते पायात नव्हतं ना दुखत?"

"नाही. कुठे होतं ते सांगता येणार नाही. पण होतं."

"मला तुमच्या तोंडी आकडा घालता येत नाही. पण प्रश्न पुन्हा समजावून सांगता येतो, तो बहुतेक आम्हीच नीट सांगितला नाही. शरीराचं दुखणं विचारतोय आम्ही. तेही फक्त पावलांचं."

"ते मला कळतं. पण प्रमाण माप एकदा ठरलं की सोयीसाठी बदलत नाहीत. मला ते जमणार नाही."

काकूंनी नाक पुसलं. "अहो, वजन निकामी झालं की तुम्ही काय करायचात?"

"बाद."

"मग हे बाद करा. ते माप माझ्यावरून घेतलंत ना? मी घरी आले, धडधाकट आहे, दिवसभर तुमच्या डोक्यावर मिरे वाटते. हरवलं असं वाटलं ते परत आलं, तर त्याचं वजन कशाला जपून ठेवायचं कपाटात?" आणि मग आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारलं, "त्या रात्री माझा पाय लागला होता, ते किती होतं?"

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. "मी बाहेर का झोपतो ते तुला माहीत होतं?"

"मला चांगली हवा कळते. किती होतं?"

"आठ."

"खरं सांगा."

"नऊ," साहेब म्हणाले.

काकूंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी येऊ दिलं. डॉक्टरीणबाईंनी आधीचा आठवडा रद्द करायची वरून परवानगी मागितली. त्यासाठी तीन सह्या लागल्या, आणि त्यातला एक सही करणारा रजेवर होता. पण अखेर पुन्हा फोन सुरू झाले. या वेळी सहा, सात, सहा असे आकडे गेले. बाकावरचा दिवस बाद झाला म्हटल्यावर साहेबांनी सगळी उतरंड नव्याने लावली आणि सरळ मनाने मुतखडा आणि जुळी दोघांनाही दहाच्या पायरीवर नेऊन बसवलं. जुळ्यांच्या आई म्हणाल्या, बरोबरीत का होईना. सेक्रेटरींनी त्याच दिवशी दिवा बदलला, आणि नवीन दिवा आधीपेक्षा मोठा आणला.

इंजेक्शनच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी साहेबांच्या दोन्ही पावलांवर पेनने ठिपके काढले. प्रत्येक ठिपक्यावर एक बारीक सुई. "काका, एक सांगायचंय. कागदावर तुम्ही वाचलंच असेल. या सुयांमध्ये औषध आहे की नुसतं मिठाचं पाणी, ते तुम्हाला सांगणार नाही. मलाही माहीत नाही. सिस्टरलाही नाही. चाचणी संपली की कळेल."

काकूंनी सुईकडे संशयाने पाहिलं. एवढं सगळं करून पाणी? पण साहेबांचा चेहरा उजळला. "म्हणजे मापणाऱ्यालाही माल ठाऊक नाही?"

"नाही."

"मग कुणाचा अंगठाच पडणार नाही पारड्यावर," साहेब म्हणाले. नोकरीची सगळी वर्षं त्यांनी दुकानदारांचे पारडं दाबणारे अंगठे पकडण्यात घालवली होती, आणि जगात कुठेतरी आपण होऊन अंगठा बांधून काम करणारी माणसं आहेत, हे त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला. मग पावलांकडे बघून म्हणाले, "फक्त हा डावीकडचा ठिपका रेषेच्या किंचित बाहेर आहे." ठिपका पुसून पुन्हा काढला गेला. सुया टोचताना साहेबांनी काकूंचा हात धरला होता. तो नंतरही बराच वेळ सोडायचं त्यांच्या लक्षात आलं नाही.

पुढे आकडे उतरायला लागले. आधी सहा, मग पाच, मध्येच पुन्हा सहा, मग चार. इमारतीत लगेच औषधवाले आणि पाणीवाले असे पक्ष पडले. सेक्रेटरी औषधवाले, म्हणून जुळ्यांच्या आई पाणीवाल्या. जिन्यात भेटलं की लोक "कसे आहात?" न विचारता "आज किती?" विचारायचे. एका सकाळी साहेब "तीन" म्हणाले आणि काकूंनी स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं, "जुना की नवा?" "नवा," साहेब म्हणाले. काकूंनी त्याच दिवशी आतल्या पलंगावरची चादर धुतली आणि साहेबांची उशी नेऊन तिथे ठेवली.

रात्री साहेबांनी उशी उचलून परत दिवाणावर आणली.

दुसऱ्या दिवशी उशी पुन्हा आत गेली आणि रात्री पुन्हा बाहेर आली. असं बरेच दिवस चाललं. शेवटी एका दुपारी जेवणं झाल्यावर काकू दिवाणासमोर खुर्ची ओढून बसल्या. "हवा अजून चांगली येते का?"

साहेब कानकोंडे झाले. "तसं नाही गं. मला आत यायचंय. फार यायचंय, हीच तर अडचण आहे. ज्याला काटा खाली यायला हवा असतो त्याचाच अंगठा पडतो. मला बरं वाटतंय की मीच मला बरं वाटवून घेतोय, हे मला ओळखू येईना. आणि आत आल्यावर तुझा पाय लागला, मी पुन्हा तसा ओरडलो, तर? मला ते नको आहे. तू त्या रात्री रडली होतीस."

बघा आता. एवढी वर्षं संसार केलेला माणूस, आणि पायाची भीती त्याला पायासाठी नव्हतीच.

काकूंनी थोडा विचार केला. "डॉक्टरीणबाई करतात तसं करू. डोळे मिटा."

"कशाला?"

"मिटा. मी काय ठेवतेय ते सांगणार नाही. तुम्ही फक्त आकडा सांगा."

साहेबांना ही पद्धत एकदम पटली. त्यांनी पाय लांब केले, डोळे घट्ट मिटले, आणि खात्री म्हणून वरून रुमालही बांधून घेतला. आधी पावलावर काहीतरी हलकं पडलं. "एक," साहेब म्हणाले. तो काकूंचा रुमाल होता. मग जरा जड, सुरकुतलेलं. "दोन. कड लागली तिथे तीन." ती चादर होती. मग बराच वेळ काहीच झालं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मोजे काढल्याचा आवाज आला, आणि साहेबांनी श्वास धरून ठेवला.

मग दोन्ही पावलांवर काहीतरी अलगद येऊन टेकलं.

रुमालाखालून साहेबांच्या गालावर ओल आली. काकूंनी पाय उचलायला घेतले. "किती? अहो, किती?"

"थंड आहे."

"आकडा विचारतेय मी."

"दोन," साहेब म्हणाले. "पण काढू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीत फोन वाजत राहिला. एकदा वाजून बंद झाला, मग पुन्हा वाजला, आणि सिस्टर काळजीत पडणार एवढ्यात साहेबांनी उचलला. त्यांना धाप लागली होती.

"काका, आज उशीर केलात. बरं आहे ना?"

"आता आतून यावं लागतं," साहेब म्हणाले.